शिकागोचे काळे अक्षर

यंदाच्या अंकासाठी ‘अक्षर’ हा विषय मुक्रर करताना संपादकांनी अशी अट घातली होती की, लेखकाने अक्षराच्या अर्थाकडे न वळता त्याच्या देहाकडे पाहावे. आणि ती अट वाचल्याबरोबर, ज्याचा डोळा जन्मभर निर्णयसागरी वळणाच्या देवनागरी खिळ्यांवर पोसला आहे अशा माझ्यासारख्याच्या मनापुढेही प्रथम उभे राहिले ते एक रोमन अक्षर, अतिशय जाड, अतिशय काळे, आणि इतके काळे असूनही पाहणाऱ्याशी सलगीने वागणारे. त्याचे नाव कूपर ब्लॅक. विमानांच्या अंगावर, गाण्यांच्या तबकड्यांच्या वेष्टनांवर, मुलांच्या सदऱ्यांवर आणि कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याच्या पाटीवर ते सारख्याच सहजतेने नांदते, आणि ज्यांनी त्याचे नाव कधी ऐकलेले नाही अशांनाही ते चेहऱ्याने ओळखीचे असते. एवढी जवळीक एखाद्या मुद्राक्षराला कशाने लाभते, याचा शोध घ्यायचा तर ते जिथे ओतले गेले त्या शहरी जायला हवे, असे वाटून मी शिकागो गाठले.

छापखान्यांचा रस्ता

शिकागोच्या मध्यवस्तीच्या दक्षिण टोकाला डिअरबॉर्न स्ट्रीटचा एक तुकडा आहे. त्याला आजही ‘प्रिंटर्स रो’ म्हणतात, जरी तिथला शेवटचा यंत्राचा खडखडाट थांबून बराच काळ लोटला आहे आणि छापखान्यांच्या उंच इमारतींतून आता चाकरमान्यांची बिऱ्हाडे थाटलेली आहेत. रस्त्याच्या शेवटी जुन्या डिअरबॉर्न स्थानकाचा तांबूस विटांचा घड्याळी मनोरा उभा आहे, आणि त्या मनोऱ्याकडे पाहिले म्हणजे इथे छापखाने का आले, हे कोणी सांगावे लागत नाही: कागदाचे गठ्ठे रेल्वेने यायचे, छापून बांधलेले ग्रंथ आणि सूचिपत्रके रेल्वेनेच देशभर जायची. घरबसल्या पत्राने माल मागवण्याचा जो प्रचंड व्यापार माँटगोमेरी वॉर्ड आणि सीअर्स या पेढ्यांनी याच शहरातून उभा केला, त्याची हजारो पानांची सूचिपत्रके छापण्याचे काम इथल्या कारखान्यांना कित्येक वर्षे पुरून उरले.

या इमारती निरखून पाहण्यासारख्या आहेत. त्या अरुंद आणि लांब आहेत, आणि त्यांच्या खिडक्या भिंतीपेक्षा मोठ्या वाटाव्यात इतक्या प्रशस्त आहेत; कारण आरशातल्यासारखे उलटे दिसणारे बारीक खिळे उचलून जुळवणाऱ्या जुळाऱ्याला दिवसाचा उजेड हवा असे, आणि तो उजेड खोलीच्या मध्यापर्यंत पोचला नाही तर त्याची चूक मुद्रितशोधकाच्या टेबलावर येऊन पडे. फ्रँकलिन इमारतीच्या प्रवेशद्वारावर रंगीत फरशांचे एक चित्र बसवलेले आहे. गुटेनबर्गच्या यंत्रातून बायबलचे पहिले पान निघते आहे आणि भोवतालची माणसे ते निरखीत आहेत, असा तो प्रसंग. आपल्या धंद्याच्या कुलदैवताला दाराशी बसवण्याची ही रीत मला फार भावली.

१८७१ सालच्या भीषण आगीत हे शहर बेचिराख झाले, आणि त्या राखेतून मुद्रणव्यवसायाला एक अनपेक्षित लाभ झाला तो असा: मार्डर, ल्यूस नावाच्या इथल्या ओतशाळेचे साहित्य जळून गेले, सगळे नव्याने घडवणे प्राप्तच होते, तेव्हा त्यांनी खिळ्यांचे आकार एका ठरावीक मापाने बांधून घेतले, आणि तीच ‘पॉइंट’ची पद्धत पुढे, १८८६ मध्ये, अमेरिकेतल्या ओतशाळांनी प्रमाण म्हणून मान्य केली. आज आपण संगणकावर बारा पॉइंट म्हणतो, त्या मोजणीच्या वंशावळीत शिकागोची आग आहे.

ऑझ कूपरचा हात

ऑझवल्ड ब्रूस कूपर हा मूळचा ओहायो प्रांतातल्या माउंट गिलिअड गावचा; जन्म १८७९ चा; बालपण कॅन्सासमधल्या कॉफीव्हिल येथे गेले. चित्रकार व्हावे या इराद्याने तो शिकागोला आला आणि फ्रँक होम यांच्या चित्रशाळेत दाखल झाला. चित्रे काही आपल्या हाताला वश होत नाहीत, हे त्याला तिथे लवकरच उमगले. पण त्याच शाळेत अक्षरलेखन शिकवायला फ्रेडरिक गौडी हे गृहस्थ होते, जे पुढे अमेरिकेतील मुद्राक्षरांचे सर्वांत नामांकित रचनाकार ठरले, आणि त्यांच्या वर्गात बसल्यावर या तरुणाला आपले क्षेत्र सापडले. त्याच शाळेत त्याचा सहाध्यायी होता विल्यम ॲडिसन ड्विगिन्स. पुस्तकांच्या सजावटीत आणि मुद्राक्षरांत त्याचेही नाव झाले. एका छोट्या, फारशा सांपत्तिक स्थैर्याच्या नसलेल्या शाळेने एकाच काळात असे तिघे एकत्र आणावेत, हा योग एखाद्या विद्यापीठाच्याही वाट्याला क्वचितच यावा.

१९०४ मध्ये कूपरने फ्रेड बर्ट्श यांच्याबरोबर भागीदारी केली. बर्ट्श व्यवहार पाहत आणि कूपर अक्षरे काढी. जाहिरातींचा मजकूर हाताने रेखाटून देणे हा त्यांचा मुख्य धंदा. पॅकार्ड मोटारींच्या जाहिरातींसाठी त्याने रेखाटलेल्या अक्षरांचा इतका बोलबाला झाला की, अमेरिकन टाइप फाउंडर्स या बलाढ्य संस्थेने १९१३ मध्ये त्यांच्यावरून ‘पॅकार्ड’ नावाचे खिळेच ओतले. तेव्हा शिकागोच्याच बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या ओतशाळेला, जी आपल्या धातूत तांबे मिसळलेले असते हे मोठ्या अभिमानाने जाहीर करीत असे, या माणसाच्या हाताची किंमत ध्यानी आली, आणि तिच्या जाहिरात-खात्याचे प्रमुख रिचर्ड मॅकार्थर यांनी त्याच्यामागे लकडा लावून त्याला खिळ्यांसाठी अक्षरे काढायला राजी केले. प्रथम आले कूपर ओल्ड स्टाइल, मध्यम वजनाचे. मग १९२२ मध्ये त्याचाच अतिस्थूल अवतार, कूपर ब्लॅक. आणि त्यानंतर चार वर्षांनी त्याचे तिरपे रूप.

आता या अक्षराचा देह पाहावा. रोमन अक्षरांच्या रेघांच्या टोकांशी जे छोटे पाय असतात, ज्यांना धंद्यात सेरिफ म्हणतात, ते सामान्यतः सपाट आणि कडेने धारदार असतात. कूपरने ते सगळे फुगीर करून, पणती घडवणाऱ्याने ओल्या मातीचा काठ अंगठ्याने दाबून वळवावा तसे गोल वळवले. या अक्षरांत सरळ रेघ शोधू जाल तर ती जवळजवळ मिळणारच नाही. खांबसुद्धा दोन्ही टोकांकडे हलकेच पसरत जातात. मोठा ओ मागे रेललेला आहे. आय आणि जे यांवरचे टिंब अंडाकृती असून तेही कललेले. छोट्या अक्षरांचे अंग मोठे, पण वरचे शेंडे आणि खालची शेपटे आखूड. त्यामुळे ओळीखाली ओळ अगदी जवळ बसवता येते. ज्या वृत्तपत्रात जाहिरातीचे दाम उभ्या इंचावर वसूल होत, तिथे ही आखूड शेपूट म्हणजे रोकड बचत होती.

आणि या साऱ्या काळ्या विस्तारात अक्षराच्या पोटातली पांढरी जागा फार थोडी उरते. छोट्या ई मध्ये ती एका फटीएवढी, ए मध्ये एका थेंबाएवढी. कूपरचे खरे कसब मला या फटींत आणि थेंबांत दिसते. काळे वाढवणे कोणालाही जमते. कुंचला जाड घेतला की काम झाले. पण काळे वाढवीत असताना पांढरे कोठे, किती आणि कोणत्या वळणाने राखायचे म्हणजे वाचणाऱ्याचा डोळा अडखळणार नाही, हा निवाडा कूपरने अक्षरागणिक केलेला आहे.

खिळा हातात घेतल्यावर

शहराच्या जुन्या कारखानदारी भागात, एका इमारतीच्या पोटमाळ्यावर, धातूच्या खिळ्यांनी छपाई करणारी एक लहानशी कार्यशाळा आहे. ती चालवणाऱ्या बाईंना मी आधी पत्र पाठवून इजाजत मागितली होती. त्यांच्याकडे व्हँडरकूकचे प्रूफ काढण्याचे यंत्र आहे. तेही शिकागोतच जन्मलेले. एके काळी ते केवळ मुद्रिते काढून पाहण्यासाठी वापरत, आणि आता जगभरातले हस्तमुद्रक त्यावर पक्की छपाई करतात. कपाटाचा खण ओढून बाईंनी अठ्ठेचाळीस पॉइंटचा एक जी माझ्या तळहातावर ठेवला. शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा तो लहानसा ठोकळा आकारमानाच्या मानाने चांगलाच जड होता, आणि त्याच्या माथ्यावर कोरल्यासारखा उठलेला जी आरशातल्यासारखा उलटा, कडेकडेने पुष्कळ वापराने गुळगुळीत झालेला.

“याच्या कडा झिजलेल्या दिसतात का?” त्यांनी विचारले. मला सांगता येईना. यावर त्यांनी दुसऱ्या खणातून, बारीक केसासारख्या रेघा आणि टोकदार पाय असलेल्या, बोडोनी वळणाच्या अक्षराचा एक खिळा काढून दाखवला. त्याचा एक पाय तुटलेला होता आणि ते ताबडतोब डोळ्यांत भरत होते. “कूपर मुळातच गोल. झीज त्याच्या स्वभावात मुरून जाते.”

मग त्यांनी तोच एक शब्द दोन्ही प्रकारच्या खिळ्यांनी जुळणीच्या स्टिकमध्ये जुळवला, दोन्ही ओळी चौकटीत एकाखाली एक आवळल्या, रूळ फिरवून शाई दिली आणि दुकानदार सामान बांधायला वापरतात तशा खरबरीत तपकिरी कागदावर छापून काढले. फरक सांगायची गरज नव्हती. बोडोनीच्या बारीक रेघा कागदाच्या खळग्यांत हरवल्या होत्या आणि शब्द तुटक दिसत होता. खालचा कूपर तसाच, पूर्ण, ठाम, जणू त्या कागदासाठीच जन्मलेला. मी मुद्दाम विचारले की, हे खिळे ओळीत किंचित वरखाली बसले तर? उत्तरादाखल त्यांनी मधल्या एका खिळ्याच्या ओळीतल्या खालच्या बाजूला पातळ कागदाचा कपटा सारला आणि तो ओळीतून किंचित वर सरकून उमटला; शेजारच्या अक्षरांहून तो वर आला खरा, पण मी मुद्दाम शोधत नसतो तर माझ्या ध्यानी आले नसते. पाय फुगीर असल्यामुळे अक्षरे जिथे उभी राहतात ती रेघच मुळी ढिली असते, आणि थोडाबहुत वाकडेपणा त्या ढिलाईत सामावतो.

याचा अर्थ हे अक्षर छापणे सोपे आहे असा मात्र नव्हे. एवढ्या काळ्या पृष्ठभागाला शाई भरपूर लागते, आणि ती जरा अधिक झाली की ई ची फट बुजते. कमी झाली, किंवा दाब पुरेसा पडला नाही, की काळ्या अंगावर मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके उमटतात. बाई दाब देणाऱ्या रुळावरच्या कागदी गादीत एकेक पातळ पापुद्रा वाढवीत गेल्या, प्रत्येक वेळी छापलेला ताव खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात पाहत गेल्या, आणि शेवटी काळे सलग व फटी मोकळ्या अशा छापाशी येऊन थांबल्या. या कामातली त्यांची तन्मयता पाहताना मला वाटले की, एका हुशार रचनाकाराने कागदावर जो निवाडा केला, तोच निवाडा प्रत्येक मुद्रकाला आपल्या यंत्रावर पुन्हा करावा लागतो.

माझ्या मते कूपर ब्लॅकच्या लोकप्रियतेची मेख इथे आहे. ते घडले ते कोणत्या छापखान्यांसाठी? मोठ्या शहरातल्या श्रीमंत ग्रंथमुद्रकांसाठी नव्हे. गावोगावच्या, जुने यंत्र, हलका कागद आणि एखाद-दुसरा शिकाऊ जुळारी यांवर दुकानदारांच्या जाहिराती, लिलावांची पत्रके आणि नाटकांचे फलक छापून गुजराण करणाऱ्या किरकोळ कामांच्या छापखान्यांसाठी. स्वतः कूपरने आपले अक्षर दूरदृष्टीच्या मुद्रकांसाठी आहे, ज्यांची गिऱ्हाइके मात्र अधू दृष्टीची आहेत, अशा आशयाचे उद्गार काढले होते. त्यात विनोद आहे तितकेच सत्यही आहे. ज्याच्यापाशी साधने तुटपुंजी आहेत त्याच्या उणिवा पोटात घालणारे अक्षर त्याने दिले, आणि ही उदारता अक्षराच्या आकारातच मुरलेली असल्यामुळे ती पुढे शिशाबाहेरही टिकली.

गुरूला फर्मान

अर्थात सगळ्यांनी त्याचे स्वागत केले नाही. जुन्या ग्रंथमुद्रणाच्या सात्त्विक अभिरुचीत वाढलेल्या मंडळींना हे काळे पीक पानोपानी माजलेले पाहून उबग आला, आणि त्यांच्या तक्रारीतही तथ्य होते. जे अक्षर एका शब्दात मोहक दिसते तेच परिच्छेदभर लावले की पान गुदमरते, आणि १९२० नंतरच्या जाहिरातदारांना संयमाची शिकवण देणारे कोणी नव्हते. पण खप तर असा की, प्रतिस्पर्धी ओतशाळांनी आपापले जाड अक्षर बाजारात आणण्याची घाई केली. अमेरिकेच्या कायद्यात अक्षराच्या आकाराला ग्रंथासारखा स्वामित्वहक्क नाही. त्यामुळे नाव बदलले की आकार जवळजवळ तसाच उचलण्याची मुभा.

यातली सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की, लॅन्स्टन मोनोटाइप कंपनीने कूपर ब्लॅकच्या तोडीस तोड अक्षर करून देण्याची कामगिरी सोपवली ती गौडींवर! १९२५ मध्ये त्यांनी गौडी हेव्हीफेस काढून दिले. मी दोन्हींचे नमुने शेजारी ठेवून पाहिले आहेत. गुरूचे अक्षर अधिक संस्कारी, अधिक चपळ, त्याच्या कोपऱ्यांत लेखणीची आठवण शिल्लक आहे. पण माझा कौल शिष्याला, कारण त्याने लेखणीची आठवण पुसून टाकण्याचे धाडस केले आणि जाडीला जाडीचाच स्वभाव दिला. कूपर १९४० मध्ये निवर्तला. त्याच्या आधीच, १९३३ मध्ये, त्याची ओतशाळाही बंद होऊन तिचे खिळे अमेरिकन टाइप फाउंडर्सच्या दप्तरी जमा झाले होते.

शिशाबाहेर

खरे म्हणजे इथे या अक्षराची कथा संपायला हवी होती, कारण महायुद्धानंतर अभिरुची काटेकोर, पायविरहित, स्वित्झर्लंडच्या वळणाच्या अक्षरांकडे झुकली. पण १९६० च्या दशकात दोन साधनांनी त्याला पुन्हा वर काढले: एक, छायाचित्राच्या तंत्राने अक्षरे जुळवण्याची पद्धत, जिच्यात शिशाचे ठोकळे नसल्यामुळे अक्षरे एकमेकांना चिकटवता, नव्हे एकमेकांवर चढवता येऊ लागली, आणि दुसरे, लेट्रासेटचे ताव, ज्यांवरचे अक्षर पेन्सिलीने घासून कागदावर उतरवता येई. दोन्हींत फुगीर, गोल आकार शोभून दिसले. १९६६ मध्ये बीच बॉइज या गायकवृंदाची ‘पेट साउंड्स’ ही तबकडी निघाली, तिच्या वेष्टनाच्या वरच्या पट्टीवर हीच अक्षरे अंगाला अंग लावून बसलेली आहेत, आणि खाली गायक मंडळी बकऱ्यांना चारा घालीत आहेत. १९६८ पासून बीबीसीवर चाललेल्या ‘डॅड्स आर्मी’ या मालिकेची शीर्षके त्याच अक्षरांत. युद्धकाळातल्या वयस्क गृहरक्षकांची ती प्रेमळ गंमत होती. तिला कठोर अक्षर चाललेच नसते.

त्यानंतरच्या दशकात ते कापडावर आले. सदऱ्यावर गरम इस्त्रीच्या दाबाने चिकटणारी मखमली अक्षरे अमेरिकेत दुकानोदुकानी मिळू लागली, आणि न्यू यॉर्कच्या वस्त्यांतली पोरे आपले नाव किंवा आपल्या टोळक्याचे नाव छातीवर किंवा पाठीवर मिरवू लागली. मखमलीच्या तुकड्याला टोकदार पाय असता तर तो पहिल्याच धुण्यात उसवून आला असता. गोल कड मात्र टिकून राही. खरबरीत कागदावर जे गुण कामी आले तेच कापडावर कामी आले. आणि १९९५ मध्ये इझीजेट या स्वस्त विमान कंपनीने नारिंगी रंगात हे अक्षर विमानाच्या अंगावर चढवले, तेव्हा प्रवाशाला धावपट्टीच्या पलीकडूनही त्यातून एकच निरोप पोचत होता की, इथे मानपान नाही, पण जागा आहे.

संगणकाच्या युगात मात्र एक गोष्ट हरपली आहे. मोठ्या खिळ्याच्या आणि बारीक खिळ्याच्या मातृका, म्हणजे ओतण्याचे साचे, वेगवेगळ्या तयार होत असल्यामुळे लहान आकारात पोटातली फट प्रमाणाने थोडी अधिक मोकळी ठेवण्याची सोय धातूत होती. संगणकावर बहुधा एकच रेखाटन सगळ्या आकारांना ताणले वा आक्रसले जाते, आणि म्हणून भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बारीक लावलेला कूपर ब्लॅक एखाद्या डागासारखा दिसतो. दोष अक्षराचा नाही. ते मोठ्या जागेसाठी घडले होते.

शिरोरेषेखाली

शिकागोहून परतल्यावर मला ओढ लागली ती हे पाहण्याची की, हाच प्रश्न देवनागरीत कसा सुटतो. रोमन लिपीत अक्षराला एक पोट असते, फार तर दोन. आपल्याकडे वर शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये जोडाक्षरांची उतरंड. ‘ष्ट्र’ एवढे एकच अक्षर जाड करू पाहा, म्हणजे ठरलेल्या उंचीत काळ्याला जागा देता देता पांढऱ्याची कशी दैना होते ते कळेल. म्हणूनच आपली जाड अक्षरे बराच काळ जाड असण्यापेक्षा सुजलेली अधिक दिसत.

मुंबईच्या एक टाइप या रचनाकारांच्या मंडळाने गेल्या दशकात ‘मोदक’ नावाचे अक्षर केले; सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे हे त्याचे मुख्य रचनाकार, आणि ते कोणालाही विनामूल्य वापरता येते. त्याला रोमन अक्षरांचे पाय नाहीत, त्यामुळे ते कूपरचे अनुकरण म्हणता येणार नाही. पण प्रश्न तोच आहे आणि त्याला दिलेले उत्तर अधिकच धीट आहे. कूपरने पोटात फट आणि थेंब राखला. मोदकमध्ये पोटातले पांढरे आवळत आवळत एका बारीक रेघेवर आणले आहे, इतके की अक्षर काळ्याने लिहिले आहे की काळ्या गोळ्यावर पांढऱ्या रेघेने खोदले आहे, असा संभ्रम पडावा. ‘क’ च्या दोन्ही बाजूंचे गोलावे दांड्याला जवळजवळ भिडतात, आणि त्यांना वेगळे ठेवते ती केवळ ही रेघ. जोडाक्षरांत तर ती एकटीच वाचकाला वाट दाखवते, आणि म्हणून तिची जाडी कुठेही चुकून चालत नाही. दोन अवयव भेटतात तिथे ती वळते, निमुळती होते, पण तुटत नाही.

हे अक्षर मी आमच्या पुण्यातल्या एका फलकवाल्याच्या दुकानात मोठ्या आकारात कापून घेतले. त्याचे कापणारे यंत्र चिकटपट्टीवर ‘राष्ट्र’ हा शब्द कापत असताना बारीक रेघांपाशी गती कमी करत होते, आणि ‘ष्ट्र’ च्या पोटातला उभा पांढरा तुकडा सुईने उचलताना तो कारागीर दोनदा चष्मा पुसून खाली वाकला. तुकडा अखंड निघाला. त्याने तो दिव्यासमोर धरून पाहिला आणि मला विचारले की, याचे पुढचे अक्षर केवढे हवे.